'कोणते पाटील?' : एका आडनावात किती माणसं मावतात

रानवाटा (धागाकर्ता)

आडनाव पाटील सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणते पाटील?" विचारणारा गाव विचारल्यासारखं दाखवतो पण बहुतेक वेळा त्याला जात हवी असते, आणि नेमकी तीच गोष्ट या आडनावातून कळत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

पाटील हा मुळात हुद्दा. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, पडीक जमीन लागवडीला आणायची, कुळं बसवायची, तंटे गोत म्हणजे गावची पंचायत बसवून मिटवायचे, चोरी झाली तर माग काढायचा, ही सगळी त्याची कामं. लिहिण्याचं काम कुलकर्ण्याकडे आणि धावपळीला हाताखाली चौगुला, त्यावरून चौगुले आडनाव आलं. हे काम वतनी होतं म्हणजे बापानंतर लेकाकडे जाणारं, त्यामुळे ज्या घराकडे वतन ते घर 'पाटलाचं घर' झालं आणि पुढे इंग्रजी अमदानीत शाळेच्या रजिस्टरात, जमिनीच्या कागदात, पलटणीच्या भरतीत शेवटचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा कित्येकांनी कुळाचं नाव न सांगता हुद्दाच सांगितला. तो चिकटला तो चिकटलाच.

आता गावं हजारो आणि प्रत्येक गावाला पाटील. गावात ज्यांची वस्ती जास्त किंवा ज्यांनी गाव वसवलं त्यांच्याकडे पाटीलकी. त्यामुळे मराठा पाटील आहेत, कुणबी आहेत, आगरी, कोळी, लेवा, गुजर, राजपूत, धनगर, माळी, लिंगायत, जैन, ब्राह्मण, मुसलमान सगळे पाटील आहेत. कोणाचा कोणाशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही. तरी नुसतं आडनाव ऐकून लोक खुशाल ठरवून टाकतात की हा 'आपल्यातला' किंवा 'त्यांच्यातला', जमीनदार असणार, वाडा असणार, राजकारणात कोणीतरी असणार. मला हे मनापासून खटकतं. माणसाबद्दल काही कळायच्या आधीच त्याचा हिशोब मांडून होतो.

शब्द जुना आहे. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावच्या लोकांना उद्देशून आज्ञा असते त्यात 'पट्टकिल' येतो, तोच पुढे पाटील झाला असं मानतात. म्हणजे हजारेक वर्षं तरी हा हुद्दा कागदावर आहे.

तुमच्या भागात पाटील म्हणजे कोण, मूळ आडनाव काय होतं, घरात काय सांगतात, ते लिहा. नुसतं 'आमच्याकडे पण खूप पाटील आहेत' असं नको, तपशील द्या.

कृष्णाकाठ

चांगला विषय काढलासा. आमच्याकडं सांगली-कोल्हापूरला एकाच गल्लीत तीन पाटील असत्यात आणि तिघं तीन समाजाचं. एक मराठा, एक दिगंबर जैन, एक लिंगायत. तिघांची पण ऊसशेती, तिघांच्या घरात एकसारखीच भाषा, फक्त देव आणि लग्नाच्या रिती वेगळ्या. बाहेरून आलेल्याला काय पत्ता लागणार न्हाई.

दोन मोठी उदाहरणं देतो. कर्मवीर भाऊराव पाटील, ज्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, ते जैन घरातले, जन्म कुंभोजचा. आणि क्रांतिसिंह नाना पाटील, सातारच्या प्रतिसरकारचे, ते मराठा आणि त्यांचं मूळ आडनाव पिसाळ. सगळ्या महाराष्ट्राला ते नाना पाटील म्हणूनच ठाऊक. दोघांचं आडनाव एक, भाग जवळपास एक, काळ पण एकमेकाला लागून, आणि नात्याचा धागा म्हणाल तर काय न्हाई.

अजून एक. आमच्यात नुसतं 'पाटलांच्यात जाऊन ये' म्हटलं तर गावात पन्नास पाटील असले तरी पोराला कळतं कुठल्या घरात जायचं. ज्यांच्याकडं पाटीलकी होती ते एकच घर 'पाटलांचं'. बाकीचे आडनावानं पाटील, पण त्यांना गावात माळावरचे, विहिरीवाले, वरल्या आळीतले असंच म्हणत्यात.

खाडीपलीकडे

हे घरनावाचं आमच्याकडे पण आहे, बहुतेक तुमच्यापेक्षा जास्तच. उरण, पनवेल, अलिबाग, ठाण्याच्या आगरी गावात पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर, घरत एवढ्या आडनावांत अख्खं गाव संपतं. त्यात पाटील सगळ्यात जास्त. नाव आणि आडनाव दोन्ही सारखी असलेली माणसं एकाच आळीत असतात म्हणून पोस्टमनला आजोबाचं नाव विचारावं लागतं.

पण मला दुसरं सांगायचंय. 'पाटील म्हणजे जमीनदार' हे जे डोक्यात बसलंय ना, ते आमच्या भागात पार उलटं आहे. अलिबागजवळच्या चरी गावाला १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांचा संप झाला, वर्षानुवर्षं लोकांनी खोतांच्या आणि सावकारांच्या जमिनी कसल्या नाहीत, उपाशी राहिले, करवंदं विकली, लाकूडफाटा विकला पण शेतात पाय ठेवला नाही. त्या संपाचे पुढारी नारायण नागू पाटील. म्हणजे पाटील होते कुळांच्या बाजूने, जमीनदार समोरच्या बाजूला. बाबासाहेब आंबेडकरांनी या संपाला पाठिंबा दिला होता.

आणि दि. बा. पाटील. जासईचे. १९८४ ला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जे आंदोलन झालं त्यात गोळीबारात आमची माणसं गेली, त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. आज नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांच्या नावासाठी लोक रस्त्यावर उतरले ते काय पाटील आडनावासाठी नाही उतरले, त्या माणसाने आयुष्य दिलं म्हणून उतरले. आमच्याकडे पाटील म्हटलं की मला मिठागरं आणि भातशेती गेलेली माणसं आठवतात, वाडा वगैरे नाही.

शब्दवेडी

वाचतेय, छान धागा. एक शंका. पाटील आणि गुजरातचे पटेल एकच का? आणि जळगावकडे 'लेवा पाटील' म्हणतात ते कोण?

तापीकाठचा

शब्द एकच ताई, तिकडे पटेल इकडे पाटील, दोन्हीकडे अर्थ गावप्रमुख. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यात लेवा समाज मोठा आहे, त्यांना लेवा पाटीदार किंवा लेवा पाटील म्हणतात. इथे गंमत बघा, 'पाटील' हे समाजाच्या नावातच आहे, पण त्या समाजातल्या कित्येकांचं आडनाव पाटील नाहीच. चौधरी, नेमाडे, कोल्हे, भंगाळे, नारखेडे, फेगडे, महाजन अशी आडनावं. बहिणाबाई चौधरी लेवाच. आणि त्याच जिल्ह्यात दुसरीकडे आडनाव पाटील पण समाज मराठा, गुजर किंवा राजपूत.

प्रतिभाताई पाटील, ज्या २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या, त्यांचं माहेर पण आमच्या जळगाव जिल्ह्यातलं. पाटील हे त्यांच्या वडिलांचं आडनाव, यजमान देवीसिंह शेखावत. नाव लिहिताना प्रतिभा देवीसिंह पाटील, म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आणि शेवटी माहेरचं आडनाव. राष्ट्रपती भवनापर्यंत तेच नाव गेलं आणि कोणाचं काही अडलं नाही, हे आमच्याकडे आडनाव बदलायला लावणाऱ्या घरात मी मुद्दाम सांगतो.

भीमाशंकरी

कर्नाटकाचा उल्लेख राहिला म्हणून लिहितो, नोकरीमुळे कलबुर्गी-रायचूर भागात राहणं झालं. उत्तर कर्नाटकात पाटील भरपूर, जास्त करून लिंगायत. जुन्या म्हैसूरकडे त्याच हुद्द्याला गौडा. पण मला नवल वाटलं ते 'माली पाटील' आणि 'पोलीस पाटील' या आडनावांचं. हो, पोलीस पाटील हे चक्क आडनाव आहे तिकडे, शाळेच्या दाखल्यावर, दुकानाच्या पाटीवर.

कारण असं की निजामाच्या राज्यात एका गावाला दोन पाटील असायचे. साऱ्याचं काम बघणारा तो माली पाटील आणि बंदोबस्त बघणारा तो पोलीस पाटील. माली म्हणजे माळी समाज नाही हां, 'माल' म्हणजे महसूल त्यावरून माली. पुण्याकडचे लोक हमखास गैरसमज करून घेतात. ज्या घराकडे जो हुद्दा तोच आडनावात राहिला. मराठवाड्यातही निजामाचंच राज्य त्यामुळे जुन्या लोकांच्या बोलण्यात हे दोन शब्द अजून येतात.

मोडीवाचक

धागाकर्त्यांचं म्हणणं बरोबर आहे पण एक भर घालतो, पाटीलकी फक्त वारशाने जायची असं नाही, ती विकली जायची, गहाण पडायची, वाटून घेतली जायची. जुने विक्रीपत्र, ज्याला खरेदीखत म्हणतात, त्यात 'निम्मी पाटीलकी' विकल्याचे उल्लेख सर्रास सापडतात. दुष्काळ पडला, सारा भरता आला नाही, सरकारचा तगादा लागला की पाटील अर्धं वतन दुसऱ्या घराण्याला विकून पैसा उभा करायचा. मग गावात दोन पाटील, थोरला आणि धाकटा, आणि त्या कागदात एकेक मान लिहून वाटून घेतलेला. होळीची पोळी आधी कोणी टाकायची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, दसऱ्याला आपट्याची पूजा कोणाच्या हातची, विडा आधी कोणाला, शिरपाव आधी कोणाला, नाव आधी कोणाचं लिहायचं. वाचणाऱ्याला आज हे बारीकसारीक वाटेल पण त्या माणसांना जमिनीइतकंच ते महत्त्वाचं होतं, त्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालली. म्हणजे आज एका गावात दोन पाटील घराणी असतील तर ती भाऊबंद असतील असं धरून चालू नका, एकाने दुसऱ्याकडून वतन विकत घेतलेलं असू शकतं, आणि दोघांची कुळं वेगळी.

या कागदांवरच्या सह्या बघण्यासारख्या असतात. लिहिता न येणारे लोक आपल्या कामाचं चिन्ह काढायचे त्याला निशाणी म्हणत. पाटलाची निशाणी नांगर. मोडी मजकुराच्या खाली लहानसा नांगर काढलेला आणि शेजारी कुलकर्ण्याने 'निशाणी नांगर' असं लिहिलेलं. त्याच कागदावर न्हाव्याचा आरसा असतो, लोहाराची सांडस असते. अख्खं गाव त्या कागदावर आपापल्या अवजारानिशी हजर.

अजून एक, जुन्या पत्रांत पाटलाला 'मोकदम' म्हणतात. शिवाजी महाराजांचं १६४६ सालचं रांझ्याच्या पाटलाबद्दलचं पत्र प्रसिद्ध आहे, बाईशी बदअमल केला म्हणून महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले, त्याच्याकडे मौजे रांझ्याची मोकदमी होती. तोच शब्द आज ऊसतोड टोळीच्या मुकादमाला लागतो.

दक्षिणायन

मोडीवाचकजी, निशाण्यांबद्दल लिहिलंत ते आवडलं. पण त्या कागदावर महाराचीही निशाणी असते, दोर किंवा विळा, तिचं नाव घ्या ना. गावाची सीम दाखवायला, सारा पोचवायला, मेलेलं ढोर ओढायला, सरकारी माणसाचा घोडा धरायला त्यालाच बोलावायचे आणि बोलावणारा पाटील असायचा.

आमच्या आजीच्या तोंडी पाटील हा शब्द आला की आवाज बदलायचा. चावडीसमोरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, पाटलाच्या वाड्यापुढून मान वर करायची नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाबद्दलचं बिल मांडलं ते याच राबवून घेण्याविरुद्ध, आणि कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. तीस वर्षं. म्हणून धाग्यात 'मान', 'पोळा', 'होळी' वाचताना आमच्यासारख्यांना दुसरी बाजू आधी दिसते. मी आजच्या कुठल्या पाटील आडनावाच्या माणसाबद्दल बोलत नाहीये, माझे दोन जिवलग मित्र पाटील आहेत. पण हुद्द्याचा इतिहास लिहायचा तर तो पूर्ण लिहा एवढंच.

रानवाटा (धागाकर्ता)

दक्षिणायन, लिहिलंत हे फार बरं झालं आणि ते इथे असायलाच हवं. हुद्दा होता म्हणजे सत्ता होती आणि सत्ता कोणावर तरी चालायची. रांझ्याचं पत्र तरी काय सांगतं, पाटील गावात काय करू शकत होता तेच सांगतं. पाटीलकीचा अभिमान सांगणाऱ्यांनी हे दोन्ही प्रतिसाद एकापाठोपाठ वाचावेत.

बोलण्यात 'उगाच पाटीलकी करू नकोस' म्हणतो तेव्हा पाटीलकी म्हणजे अधिकार नसताना गाजवलेला हुकूम. म्हणजे लोकांनी पाटीलकीचा अनुभव भाषेतच नोंदवून ठेवलाय.

वस्तीवरची

आता हुद्द्याचं आजचं काय ते मी सांगते कारण आमच्या घरात पोलीस पाटील आहेत, माझी जाऊबाई. आमचं आडनाव पाटील नाही!

इंग्रजांनी १८६७ ला मुंबई इलाख्यासाठी गावपोलिसांचा कायदा केला. महसूल बघणारा मुलकी पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील असे दोन, कधी दोन्ही कामं एकाच माणसाकडे. महाराष्ट्र झाल्यावर १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पद रद्द झालं, वंशपरंपरा संपली, साऱ्याचं काम तलाठ्याकडे. आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला, तो नेमणुकीने. दहावी पास, वय २५ ते ४५, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, नेमणूक प्रांताधिकाऱ्यांकडून. आरक्षण असतं, महिलांना पण जागा असतात. त्यामुळे गावाला पाटील आडनावाची शंभर माणसं असतील आणि पोलीस पाटील असेल कांबळे, पारधी नाहीतर शेख.

काम काय विचाराल तर रात्री-अपरात्री फोन. विहिरीत कोणी सापडलं, कोणी अनोळखी येऊन राहिलं, पूर आला, बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या, पहिली खबर पोलीस ठाण्याला हिने द्यायची आणि पंचनाम्याला थांबायचं. मागे एका सासुरवाशिणीच्या मृत्यूत घरचे म्हणत होते गुपचूप उरकून टाकू, जाऊबाई दारात उभी राहिली आणि पोलीस येईपर्यंत तिरडी उचलू दिली नाही. गावातल्या जाणत्या म्हणवणाऱ्यांनी तिला केवढं ऐकवलं, पण हलली नाही. मानधन २०२४ ला वाढून महिना १५ हजार झालं, त्याआधी फारच तुटपुंजं होतं. मला विचाराल तर आज खरी पाटील ती आहे, आडनाव काही का असेना.

खाडीपलीकडे

तुमच्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा ताई.

सोयरीक

लग्नाचा मुद्दा कोणीच काढला नाही अजून. मी वधूवर मंडळात काम करते, मराठा समाजात पाटील स्थळ आलं की आमचा पहिला प्रश्न 'मूळ कोण?' हा प्रश्न चोंबडेपणा नाही, गरज आहे. कारण सोयरीक आडनावावर जमत नाही, कुळावर आणि देवकावर, म्हणजे लग्नात पुजायच्या कुळाच्या चिन्हावर, जमते. पाटील हे कूळ नाही. मूळ पवार असतील, जाधव असतील, शिंदे, चव्हाण, मोरे कोणीही. मुलगा पाटील मुलगी पाटील असली तरी कुळं वेगळी असतील तर लग्न खुशाल होतं, आणि उलट मुलगा पाटील मुलगी जाधव पण पाटलाचं मूळ जाधवच निघालं आणि देवक एक आलं की बोलणी थांबतात. तरुण मुलांना हे माहीतच नसतं, 'आडनाव तर वेगळं आहे ना काकू' म्हणतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवा आणि एका वहीत लिहून ठेवा, नंतर सांगणारं कोणी राहत नाही.

रानवाटा (धागाकर्ता)

इथे मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. कुळाची माहिती असावी, ती इतिहासाची गोष्ट आहे. पण देवक एक निघालं म्हणून दोन समजूतदार मुलांचं लग्न मोडणं मला पटत नाही. विषय मोठा आहे, वेगळा धागा काढू.

सोयरीक

काढा, तिथे बोलूच. माझ्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे.

चौथी सीट

माहेरची पाटील आणि सासरची पण पाटील, त्यामुळे मला लिहायलाच पाहिजे :) लग्नानंतर आडनाव तेच राहिलं म्हणून सगळे म्हणाले तुझं बरं झालं, कागद बदलायला नको. पण मधलं नाव बदलतं ना! वडिलांच्या जागी नवऱ्याचं. मग बँकेत 'आडनाव तर बदललेलं नाही, मग लग्न झाल्याचा पुरावा काय', पासपोर्टच्या खिडकीवर पुन्हा तेच. आणि नावं सारखी असण्याचा त्रास वेगळाच, आमच्या ऑफिसात एकाच नावाच्या तिघी पाटील, एकीचा पगार दुसरीच्या खात्यात जाता जाता राहिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचं ठरलंय, आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. बाकी कोणाला त्याचं काय वाटतं माहीत नाही पण पाटलांच्या पोरांना त्याने ओळखायला नक्की सोपं जाणार. आईचं नाव लागलं हे तर मनापासून आवडलंच.

शब्दवेडी

भाषेची एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली का? हुद्दा असतो तेव्हा शब्द वाकतो, पाटलाने, पाटलाचा, पाटलाला. आडनाव म्हणून लिहिताना पेपरवाले वाकवत नाहीत, 'पाटील यांनी सांगितले', आणि नुसतं 'पाटीलांनी' लिहिलं तर कानाला खटकतं. बोलताना मात्र आपण सगळेच 'पाटलांनी सांगितलं', 'पाटलांकडे' असंच म्हणतो, आडनाव असलं तरी. बायकोला पाटलीणबाई. पण हल्ली आडनावाने पाटील असलेल्या बाईला कोणी पाटलीण म्हणत नाही, मॅडम पाटीलच असतात, पाटलीण म्हटलं की लगेच नऊवारी आणि वाडा डोळ्यापुढे येतो. आणि हो, मराठीत टी दीर्घ. 'पाटिल' हे हिंदी वळण आहे, आपल्या माणसांनी दुकानाच्या पाट्यांवर तरी नीट लिहावं.

गोदातीर

आमच्या मराठवाड्यात पाटील हा पुकारा पण आहे. बाजारात, एसटीत, हॉटेलात अनोळखी माणसाला सुद्धा "ओ पाटील, सरका जरा" म्हणतात. आडनाव काही असो. तो मान देऊन बोलायचा प्रकार आहे.

आणि दोन आडनावांची जोडी. विखे पाटील, मोहिते पाटील, जरांगे पाटील यात मूळ आडनाव आधी आणि पाटील नंतर. शिवाजीराव पाटील निलंगेकर यात पाटील आधी आणि गाव नंतर. काही ठिकाणी तर पाटील नावाला लागतो आणि आडनाव शेवटी येतं, रावसाहेब पाटील दानवे म्हणतात तसं. म्हणजे कुठे पाटील अर्धं आडनाव, कुठे 'राव' लावावा तसा नावाला जोडलेला मान. या जोडआडनावात निदान कुळाचं नाव जिवंत राहतं हे मला चांगलं वाटतं.

सगळ्यात मोठं उदाहरण महादजी शिंद्यांचं. दिल्लीच्या बादशहाचा कारभार हातात आला तरी पत्रांत आणि लोकांच्या तोंडी ते 'पाटीलबावा'च. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडची पाटीलकी होती घराण्यात. एवढ्या पदव्या मिळालेल्या माणसाला गावाच्या पाटीलकीचं नाव सोडवलं नाही.

कृष्णाकाठ

गोदातीर भाऊ, महादजींचं लै भारी सांगितलंत.

नवखा वाचक

मी पहिल्यांदाच इथे लिहितोय. आमचं आडनाव पाटील, गाव शिरोळ तालुक्यात, पण घरात कोणालाच मूळ आडनाव माहीत नाही. आजोबा लवकर गेले, वडील शहरात वाढले. कसं शोधायचं? खरंच सापडतं का?

मोडीवाचक

सापडतं बहुतेक वेळा. आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. जन्ममृत्यूची जुनी नोंदवही म्हणजे गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि जमिनीची जुनी पत्रकं मागा. जुन्या नोंदी मोडीत असतात. हल्ली कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने बऱ्याच तालुक्यांत या वह्या बाहेर काढून स्कॅन झाल्यात, त्यामुळे आधीपेक्षा काम सोपं आहे. पणजोबांचं पूर्ण नाव आणि जमिनीचा जुना सर्व्हे नंबर तेवढा हाताशी ठेवा, त्याशिवाय वही उघडून उपयोग नाही.

दुसरा मार्ग म्हणजे तीर्थक्षेत्रं. त्र्यंबकेश्वर, नाशिक इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावानुसार कित्येक पिढ्यांची नोंद असते. आजोबांचे वडील कधी सिंहस्थाला गेले असतील तर बरोबर कोण होतं ते सुद्धा लिहिलेलं सापडेल.

कृष्णाकाठ

शिरोळचे असाल तर हेळव्याला विसरू नका! हेळवी लोक आमच्या भागात अजून येत्यात, पूर्वी नंदीवर बसून यायचे. सुगीला येणार, दारात बसून तुमच्या घराण्याची वंशावळ घडाघडा म्हणणार, मूळ गाव कुठलं, तिथनं कधी उठून आला, पाटीलकी कोणाकडनं मिळाली सगळं. त्यांच्याकडं चोपड्या असत्यात. घराण्याला हेळवी ठरलेला असतो, दुसऱ्याला तुमचं सांगता येणार न्हाई. भाऊबंदात जो गावात राहतोय त्याला विचारा आपला हेळवी कोण. धान्य, कापड काय द्यायचं ते हात सैल सोडून द्या, त्या माणसांनी आपल्यासाठी पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवलंय.

नवखा वाचक

हेळवी! आत्या म्हणाली होती कोणीतरी दारात येऊन नावं वाचायचं म्हणून, मला वाटलं भिक्षेकरी. आत्याला लगेच फोन केला. तिला नाव आठवत नाही पण म्हणाली कर्नाटकातून यायचा, मराठी-कन्नड मिसळून बोलायचा, आणि आमच्या चुलत घरात त्याचा मुलगा अजून येतो. या रविवारी गावी जातोय. आत्याकडे एक जुना कागद पण आहे, वाचता येत नाही कोणाला, खाली काहीतरी चित्र काढलंय म्हणाली.

मोडीवाचक

त्या कागदाला लॅमिनेशन करू नका आणि घडीवर घडी पाडू नका. सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात वरून फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, चित्राचा जवळून वेगळा. इथे टाका नाहीतर मला निरोपातून पाठवा, वाचून देतो.

दक्षिणायन

आणि त्यावर अजून कोणाकोणाच्या निशाण्या आहेत तेही इथे लिहा. सगळ्यांच्या.

मोडीवाचक

लिहितो. एकूण एक निशाणी कोणाची आहे ते वाचून लिहितो.